चार मिनिटांचा शेरा

सोमवार, ४ ऑगस्ट

ठके,

पत्र पाहून दचकू नकोस. घरी सगळे धडधाकट आहेत, कुणाचं काही बरंवाईट झालेलं नाही. फक्त तुझ्या दादाची बोलती बंद झाली आहे, आणि ती खरोखरीच. दोन महिने आवाज घोगरा येत होता. मी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायचो आणि वर्गात जाऊन पुन्हा ओरडायचो. गेल्या बुधवारी एक वाक्य निम्मं बोललो आणि उरलेलं निम्मं बाहेरच आलं नाही. घशाच्या डॉक्टरांनी आत नळी घालून पाहिलं. स्वरतंतूंवर गाठी आहेत, साध्या आहेत, पण चाळीस दिवस एक अक्षर बोलायचं नाही. कुजबुजायचंही नाही. मी काहीतरी विचारायला तोंड उघडलं, तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की ते आपोआप मिटलं.

तुझ्या वहिनीच्या आनंदाला पारावार नाही. लग्नाला तीस वर्षं झाली, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच तिची वाक्यं पूर्ण होताहेत. मला एक पाटी आणून दिली आहे. तिच्यावर मी "मीठ कमी" असं लिहिलं की ती पाटी पुसून ठेवून देते.

तू माझा फोन उचलत नाहीस हे चार वर्षांत कळून चुकलंय. आता चुकून उचललास तरी तुला नुसता श्वास ऐकू येईल. म्हणून पत्र.

खरं काम सांगतो. मोठ्या बाई म्हणाल्या, "रजा घ्या सर." पण बदली शिक्षक मिळत नाही, आणि नववी क ची सहामाही परीक्षा सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आहे. गेल्या वर्षी या तुकडीतली एकवीस मुलं इंग्रजीत नापास झाली. बावन्नातली एकवीस. यंदाही तसंच झालं तर पुढच्या वर्षी त्यांना दहावीला बसू देतील की नाही, शंका आहे. म्हणून मी रजा नाकारली आणि मग घरी येऊन कपाळावर हात मारून घेतला. कारण माझं शिकवणं म्हणजे माझा आवाज. मी वाचायचं, मी अर्थ सांगायचा, मी प्रश्न विचारायचा, आणि मुलं गप्प बसली की उत्तरही मीच द्यायचं. तू एकदा म्हणाली होतीस, "दादा, तुझ्या वर्गात फक्त तुझंच इंग्रजी सुधारतंय." तेव्हा मी चिडलो होतो. अजूनही थोडा चिडलेलोच आहे.

तर तू शेजारच्या वर्गात ते जे करायचीस, चौघाचौघांच्या चौकड्या, धड्याचे तुकडे, मुलांनीच एकमेकांना शिकवायचं, ते नेमकं कसं करायचं ते लिहून पाठव. मला आठवतं ते एवढंच की आवाज फार यायचा.

तू आपली शाळा सोडून गेलीस त्या वेळी जे झालं, त्याचं मला वाईट वाटतं. समितीपुढे कुणाचं काय चालतं? पण ते जाऊ दे.

तुझा
दादा

मंगळवार, १२ ऑगस्ट

ठके,

तुझं उत्तर आलं नाही. मला ते अपेक्षित नव्हतंच, असं लिहिणार होतो, पण रोज शाळेतून आल्यावर चपला काढायच्या आधी मी टपालाची पेटी उघडून पाहतो, हे वहिनीने बघितलंय. तेव्हा खोटं कशाला लिहू?

तुझ्याशिवायच करून पाहिलं. तेरा चौकड्या केल्या. बाकं सरकवताना जो आवाज झाला त्याने खालच्या वर्गातले गणिताचे सर वर धावत आले. मी पाटीवर "भूकंप नाही" असं लिहून दाखवलं.

धडा घेतला तो एका नावाड्याचा. भरलेली नाव नदीच्या मध्यावर पोचते आणि नावाडी ती अचानक मागे वळवतो. मी धड्याचे चार भाग चार चिठ्ठ्यांवर उतरवले. नावेत कोण कोण होतं ते पहिल्या चिठ्ठीवर, नदी कशी होती ते दुसरीवर, उतारूंनी काय आरडाओरडा केला ते तिसरीवर, आणि तो का वळला ते चौथीवर. प्रत्येकाला एकच चिठ्ठी. आधी सारख्या चिठ्ठीवाल्यांनी एकत्र बसून ती नीट समजून घ्यायची, मग आपापल्या चौकडीत परतून बाकीच्या तिघांना सांगायची. सगळं इंग्रजीत. शेवटी मी नावांच्या चिठ्ठ्यांतून एक उचलणार, ज्याचं नाव निघेल त्याने सगळ्या चौकडीच्या वतीने उत्तर द्यायचं. बघ, माझ्या लक्षात बरंच होतं.

आणि तुझी पद्धत सपशेल आपटली. कुणी तोंडच उघडलं नाही. तेरा चौकड्या माना खाली घालून बसल्या होत्या. मला आतून बरंच वाटलं, हेही कबूल करतो. मनात म्हटलं, बघा, शेवटी गुरुजीच लागतात.

तास संपल्यावर एक मुलगी टेबलापाशी आली. तिला वर्गात सगळे इस्त्री म्हणतात. तिच्या आईचं इस्त्रीचं दुकान आहे, सकाळी ही तिथे हातभार लावते आणि मग शाळेत येऊन शेवटच्या बाकावर पेंगते. गणवेशाला मात्र एक सुरकुती नसते. जून महिन्यापासून मी तिचा आवाज ऐकला नव्हता. ती म्हणाली, "सर, कुणी कुणाला कशाला विचारेल? सगळ्यांकडे सगळं आहे की."

म्हणजे काय झालं ते सांगतो. हसशील. चिठ्ठ्या तर दिल्या होत्याच, पण न जाणो, एखाद्याचं काही राहून गेलं तर, म्हणून मी सगळा धडा छापलेलं पानही प्रत्येकाच्या हातात दिलं होतं. बावन्न पानं. आदल्या दिवशी तासभर झेरॉक्सच्या यंत्रापाशी उभं राहून काढली होती.

पण पान दिलं नाही, आणि एखाद्याने चुकीचं सांगितलं तर? बाकीचे तिघे चुकीचंच शिकणार. याची तुला कधी भीती वाटली नाही का? मला वाटते.

दादा

गुरुवार, २१ ऑगस्ट

ठके,

तुझं कार्ड पोचलं. वर "प्रिय" नाही, खाली सही नाही, मधे चारच शब्द. "पान काढून घे, दादा." कार्ड वहिनीने फडताळाच्या काचेला आतून लावून ठेवलंय. मी तिला म्हटलं, म्हणजे लिहिलं, की त्यात फुशारकी मारण्यासारखं काय आहे? ती म्हणाली, "शेवटचा शब्द वाचा की."

पान काढून घेतलं. नवा धडा नको म्हणून नावाड्याचाच पुन्हा घेतला, फक्त चौकड्या बदलल्या आणि चिठ्ठ्या फिरवल्या. पहिल्या फेरीतलं कुणाला काही आठवत नव्हतं, म्हणून तोच धडा पुन्हा चालणार होता. पहिली दहा मिनिटं मी खडूचे तुकडे करत बसलो. मग आवाज सुरू झाला. आधी मराठीत, मग एकमेकांना दटावून इंग्रजीत.

आता मुख्य गंमत. या वर्गात एक डिक्शनरी आहे. म्हणजे पहिला नंबर, हात सतत वर, दुसऱ्याचं वाक्य तिसऱ्या शब्दाला तोडणारी मुलगी. (कुणासारखी ते बोलू नकोस.) तिच्या चौकडीत चौथी चिठ्ठी इस्त्रीकडे गेली. नाव का वळली ते त्या चौघांत फक्त इस्त्रीला ठाऊक. डिक्शनरीने हात पुढे केला, "दे, मी वाचते." इस्त्रीने चिठ्ठी मुठीत धरली. माझाच नियम होता, चिठ्ठी द्यायची नाही, सांगायची. डिक्शनरीने माझ्याकडे पाहिलं. मी काय बोलणार? मी छताकडे पाहिलं.

मग इस्त्री इंग्रजीत म्हणाली, "यू लिसन. आय टेल. स्लो." आणि तिने सांगितलं. नावाड्याची नात चष्मा आणायला घरी गेली होती, तो तिला काठावरच विसरून निघाला होता. "नात" या शब्दाशी ती अडली, तेव्हा तिने हाताने उंची दाखवली, मग स्वतःच्या पांढऱ्या न झालेल्या केसांकडे बोट दाखवून म्हातारा केला. डिक्शनरीला पहिल्या वेळी कळलं नाही. तिने विचारलं. परत विचारलं. चौथ्या वेळी ती "ओ!" असं ओरडली आणि चौघीही हसत सुटल्या. त्या चौकडीतून नाव निघालं ते नेमकं तिसऱ्याच मुलीचं, आणि तिने अख्खी गोष्ट मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितली. मी फळ्याला टेकून उभा होतो. माझे डोळे भरून आले. खडूची धूळ नव्हती, मला माहीत आहे ती कशी असते.

त्याच वेळी दाराशी मोठ्या बाई उभ्या होत्या. व्हरांड्यात, वही उघडून. व्हरांड्यातून वर्ग पाहणारा माणूस आतून कसा दिसतो ते मी पहिल्यांदाच पाहिलं. बावन्न पोरं एकदम बोलत होती, एक उठून दुसऱ्या चौकडीशी भांडायला निघालं होतं, आणि शिक्षक फळ्याला टेकून रडवेला. बाहेरून हेच दिसणार. मी घाईघाईने पाटीवर लिहिलं, "आत या. बसा." त्या म्हणाल्या, "वेळ नाही हो सर. वर्ग तुमच्या हातातून गेलाय एवढं मात्र दिसतंय." वहीत काहीतरी लिहिलं आणि गेल्या.

ठके, मला ओरडून सांगायचं होतं की थांबा, तुम्ही काहीच पाहिलेलं नाही. आणि आवाज नव्हता.

दुपारी त्यांनी मला बोलावून एक कागद दिला. त्याबद्दल पुढे लिहीन. आज नाही.

दादा

रविवार, २४ ऑगस्ट

ठके,

आज लिहितो. तीन दिवस टाळलं.

तो कागद तुझ्या शाळेकडून आला आहे. ते तुला कायम करण्याचा विचार करताहेत आणि तुझे इथले जुने शेरे त्यांना हवे आहेत. विभागप्रमुख म्हणून ते पाठवायचं काम माझं. मोठ्या बाई म्हणाल्या, "फाइल काढा, त्या शेऱ्याची प्रत जोडा आणि धाडा." त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. कसं वाटेल? शेरा कुणी लिहिला हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत आहे.

तुला मी सांगितलं होतं की समितीने तुझ्या वर्गाबद्दल तक्रारी ऐकल्या आणि निर्णय घेतला. तक्रारी नव्हत्या. एकच शेरा होता आणि तो मी लिहिला होता. "वर्गात शिस्त नाही. शिक्षिका शिकवत नाहीत, मुलेच बोलत असतात. कायम नेमणुकीची शिफारस करता येत नाही."

मी तुझ्या वर्गात आलो नव्हतो. व्हरांड्यातल्या खिडकीशी उभा होतो, चार मिनिटं. चारच, कारण मला घंटेआधी चहा प्यायचा होता.

का लिहिलं ते गेली चार वर्षं मी स्वतःलाही नीट सांगितलेलं नाही. शिस्त वगैरे सगळं खरं नव्हे. त्या आठवड्यात माझ्या वर्गातल्या एका मुलाचे वडील येऊन म्हणाले होते, "सर, पोराला शेजारच्या तुकडीत टाकता येईल का? तिथल्या बाईंच्या तासाला मुलं हसतात म्हणे." मी त्यांना वाटेला लावलं. पण ते वाक्य डोक्यात राहिलं. बावीस वर्षं घसा फोडला, आणि माझ्या धाकट्या बहिणीच्या वर्गात मुलं हसतात. मला मत्सर वाटला, ठके. दुसरा शब्द नाही.

आता पुढचं. काल फाइल उघडली. चार वर्षांत पहिल्यांदा. माझ्या शेऱ्याखाली तुझी सही आहे. "वाचले" असं लिहून, तारखेसह. नियमच आहे, शेरा ज्याचा त्याला दाखवून सही घ्यायची. हा नियम मी दर वर्षी नव्या शिक्षकांना समजावून सांगतो, आणि तुझ्या बाबतीत तो माझ्या डोक्यात आलाच नाही. मी धरून चाललो होतो की तू तो कागद पाहिलेला नाहीस.

तारीख बघितली. त्याच संध्याकाळी तू घरी आली होतीस. मी तुझ्या पाठीवर हात ठेवून म्हणालो होतो, "समिती कुणाचं ऐकत नाही गं." तू म्हणालीस, "बरं दादा." आपला कप धुऊन पालथा घातलास आणि निघून गेलीस. मला वाटलं, नोकरी गेल्याच्या दुःखात आहेस. तू सकाळी माझं अक्षर वाचून आली होतीस. मी कबूल करतो का, हे बघायला आली होतीस ना? आणि मी तुझी समजूत घालत बसलो.

शेऱ्याचा कागद फाइलीतून काढून टाकणं सोपं होतं. चावी माझ्याकडेच असते. टाचणी काढलीसुद्धा. मग परत लावली. तुझी सही असलेला कागद मी फाडायचा, म्हणजे दुसऱ्यांदा तुझ्याबद्दल तुला न विचारता काहीतरी ठरवायचं. ते करणार नाही.

सोबत दुसरा कागद जोडला. त्याची नक्कल या पाकिटात आहे. त्यात लिहिलंय की हा शेरा लिहिणाऱ्याने वर्ग आत बसून पाहिला नव्हता, तो बाहेर चार मिनिटं उभा होता, शिक्षिका त्याची सख्खी बहीण असून त्याने हे काम दुसऱ्यावर सोपवायला हवं होतं, आणि शेऱ्यामागे मत्सर होता. ज्या पद्धतीला त्याने नावं ठेवली ती तो आता स्वतः वापरतो आहे आणि तिच्यावाचून त्याचं पान हलत नाही. दोन्ही कागद उद्या रजिस्टर टपालाने जातील. मोठ्या बाईंनी वाचून विचारलं, "सर, हे तुम्ही स्वतःविरुद्ध लिहिताय, कळतंय ना?" मी मान हलवली. त्यांनी कागद पुन्हा एकदा वाचला आणि शिक्का मारला.

याने तुझं भलं होईल की वाईट, मला सांगता येत नाही. कदाचित समिती म्हणेल, नसती भानगड नको. तसं झालं तर तुझं दोनदा नुकसान करणारा मीच असेन. मला भीती वाटते आहे.

माफी मागतो. तू द्यावीस म्हणून हे लिहिलेलं नाही. द्यावीस असं वाटतं मात्र खूप.

दादा

बुधवार, १७ सप्टेंबर

ठके,

तुझं पत्र काल आलं. दोन पानं! पहिल्या पानावर जे लिहिलंयस ते मी तीनदा वाचलं आणि ते सगळं खरं आहे. शेऱ्याचं तुला लागलं नव्हतं असं नाही, पण त्याहून जास्त लागलं ते मी तुझ्या समोर बसून बोललेलं खोटं, हे तू लिहिलंस आणि मला ते आधी कळायला हवं होतं. "मी चार वर्षं तुझ्या फोनची घंटा मोजत बसायचे, उचलायचा नाही असं ठरवून," हे वाक्य वहिनीला वाचून दाखवताना माझा आवाज गेला. हो, आवाज परत आलाय. शनिवारी डॉक्टरांनी परवानगी दिली. जरा खालच्या पट्टीत लागतो. वहिनी म्हणते, हाच बरा.

इकडच्या बातम्या. सहामाहीचे निकाल लागले. एकवीसऐवजी नऊ नापास. नऊ म्हणजे काही कमी नाहीत, पण त्या नऊ जणांच्या चौकड्या शनिवारी शाळा सुटल्यावर स्वतःहून थांबल्या, तेव्हा पुढच्या खेपेला तेही पास होणार असं मी धरून चाललोय. इस्त्रीला अडतीस गुण. पेपर हातात पडल्यावर ती डिक्शनरीच्या बाकाशी गेली आणि दोघींनी मिळून एक चूक शोधली, माझी, बेरजेतली. एकोणचाळीस करून दिले.

सोमवारी वर्गात गेलो आणि मोठ्या उत्साहाने म्हटलं, "चला, आता मी धडा वाचतो." मागून कुणीतरी म्हणालं, "सर, तुम्ही नका ना त्रास घेऊ." सगळा वर्ग हसला. माझ्या वर्गात, ठके. मी पण.

विभागप्रमुखपद गेलं. मोठ्या बाईंनी फार अवघडून सांगितलं. त्या खुर्चीचा एक पाय गेल्या वर्षापासून डुगडुगतच होता, मी म्हटलं नव्या प्रमुखाला आधी तो दाखवा. मग त्या म्हणाल्या, "येत्या आठवड्यात तुमच्या वर्गात येऊन बसेन म्हणते. पूर्ण तास." मी त्यांना एका चौकडीत जागा ठेवली आहे.

आता तुझं दुसरं पान. तुझ्या समितीला दोन उलटसुलट कागद मिळाले, म्हणून त्यांनी दोन्ही बाजूला ठेवले आणि शुक्रवारी स्वतः येऊन, आत बसून, पूर्ण तास वर्ग पाहायचं ठरवलंय. याहून न्यायाचं काही होऊ शकत नाही. तू लिहितेस की तुला धाकधूक वाटते आहे. तुला! तुझ्या वर्गात मुलं हसतात म्हणून एका पन्नाशीच्या माणसाची झोप उडाली होती, हे तू समितीला सांग.

आणि शेवटी लिहिलंयस, "एका चौकडीत तीनच मुलं आहेत, चौथी मुलगी आजारी आहे. समितीतलं कुणी खाली बसायला तयार नाही. येशील?"

येतो. गुरुवारपासून रजा टाकली आहे. कुठली चिठ्ठी द्यायची ते तू ठरव. माझ्या चौकडीतल्या पोरांना सांगून ठेव की हे आजोबा दिसायला रागीट आहेत, पण जेवढं सांगाल तेवढंच त्यांना कळणार आहे.

हे पत्र आज टपालात टाकतोय, पण ते बहुधा माझ्यानंतर पोचेल, तेव्हा हे सगळं तुझ्या दारात उभा राहून तोंडानेच सांगेन. वर्ग झाला, समिती गेली, की मग माझ्यावर रागावून घे. चार वर्षांचं आहे, एका बैठकीत आटपणार नाही. म्हणून मी परतीचं तिकीट काढलेलं नाही.

तुझा
दादा